खणाचा पलंग

शिडीपाशी

ढब्बू वर होता. त्याला कोणी चढवलं नव्हतं. दुकानात आल्याआल्या त्याने शिडी बघितली, चपला खाली टाकल्या आणि सरळ दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर. आता कठड्यातून डोकं बाहेर काढून तो म्हणत होता, "मावशी, इथून तुझा भांग दिसतो. वाकडाय."

"उतर."

"मी इथेच झोपणार."

"तू पाच वर्षांचा आहेस. वर सहाच्या पुढचे झोपतात. मॅडमनी सांगितलंय ना?"

"मग मी इथेच सहा वर्षांचा होतो. तोपर्यंत जेवण वर पाठव."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, फिस्सकन हसले. मावशी हसली नाही.

मॅडम म्हणजे बालकल्याणच्या ऑफिसातल्या बाई. परवा दुपारी त्या घर बघायला येणार होत्या. मुलांची आई, म्हणजे मावशीची मोठी बहीण, हिवाळ्यात गेली. बाप त्याच्या आधीच एका सकाळी कामावर म्हणून निघाला आणि कामावरून परस्पर पुढे कुठेतरी गेला. तेव्हापासून दोघं मुलं मावशीकडे, तिच्या शिवणाच्या खोलीत, जमिनीवर एकाच गादीवर. मागच्या भेटीत मॅडमनी ती गादी पाहिली होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं: प्रत्येक मुलाला स्वतःचा पलंग पाहिजे, खोलीचं दार पूर्ण उघडायला पाहिजे, सहाच्या आतलं मूल वर नको. जमत नसेल तर एक मूल इथे राहील, एक आत्याकडे जाईल.

आत्याही दुकानात आली होती. मुलांच्या बापाची मोठी बहीण. एकटी, मोठं घर, दुखरे गुडघे. "पलंग बघायला मी पण येते," असं तिने सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.

"माझ्याकडे अख्खी खोली रिकामी पडलीये," ती आता टाय लावलेल्या विक्रेत्याला सांगत होती. बिचारा मान डोलवत होता.

"आत्या, इथे नको," मावशी म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतेय? खोली आहे एवढंच म्हणतेय. पळाला तो माझा भाऊ. मी नाही पळाले."

टायवाल्याने संधी साधली. "बंक बेडच घ्या. जागा वाचते. छोटा खाली, मोठी वर. हा कठडा, ही शिडी, उशाशी पुस्तकांना कप्पा."

"ताई, चढून बघ गं," काका म्हणाले.

ताई आठ वर्षांची. तिला नाव होतं, पण ढब्बू बोलायला लागला तेव्हापासून घरातली मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची. तिने शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"वरून ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"ढब्बू."

"अगं, झोपेत कुठे बडबडतो तो? जागेपणीच काय ती करतो."

"बडबड नाही. श्वास."

टायवाल्याने कारण नसताना टाय सारखा केला. आत्याने ताईकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

"दुसरं काय आहे?" मावशीने विचारलं. जरा जास्तच मोठ्याने.

दुसरा पलंग कोपऱ्यात होता. दिसायला साधा, एकाच मुलाचा. पण टायवाल्याने खालची पट्टी धरून ओढली तसा पोटातून आणखी एक पलंग बाहेर आला, बुटका, चाकांवरचा. तो त्याला ट्रंडल म्हणत होता. काका म्हणाले, "हा तर खणाचा पलंग," आणि तेच नाव चिकटलं.

ताई वर आडवी झाली. ढब्बूला मिनतवाऱ्या करून खालच्या गादीवर आणलं. दोघांच्या मध्ये वीतभर उंचीचा फरक. ताईने डोळे मिटले. दुकानात गाणी वाजत होती, कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"येतंय," ती म्हणाली.


तीच खोली, दोनदा

बंक घेतला तर खोली आहे तशीच राहील. खिडकीखाली मशीन, उजव्या भिंतीला कापणीचं टेबल, डाव्या भिंतीला दुमजली पलंग. दार ऐसपैस उघडेल. मावशी दिवसभर कापड बेतेल, कोणी तिच्या पायात येणार नाही. आणि रात्री ताई छतापाशी पडून राहील. ऐकायला वाकेल तर कठडा आड येईल. मग शिडी उतरेल, ऐकेल, चढेल. पुन्हा उतरेल. एखाद्या सकाळी शिडीच्या पायरीवर बसल्याबसल्या झोपलेली सापडेल.

खणाचा घेतला तर दिवसा खोली मावशीची आणि रात्री मुलांची. ताई हात खाली सोडेल तर तो ढब्बूच्या पोटावर पडेल. फक्त खण पूर्ण बाहेर यायला हवा. खोली अरुंद, खण बाहेर ओढला की थेट उजव्या भिंतीला जाऊन टेकणार. त्या भिंतीला टेबल. म्हणजे टेबल संपतं तिथून खिडकीखालच्या मशीनपर्यंत जेवढी जागा मोकळी, तेवढ्यात खणाची लांबी मावली पाहिजे. टेबल दाराकडे सरकवायची सोय नाही, सरकवलं की दार अडतं. आणि ते चार पायांचं टेबल नाही. खाली जमिनीपर्यंत लाकडी पेटी आहे, कापडाचे गठ्ठे ठेवायची. खण खालून जाईल म्हणावं, तर तेही नाही.

मावशीने मोजून ठेवलं होतं. ती शिंपीण. टेप तिच्या गळ्यात कायम असतो, आंघोळीपुरता उतरतो. टेप एका दमात पुरला नाही, म्हणून तिने भिंत दोन तुकड्यांत मोजली आणि बेरीज काकांना सांगितली. आता दुकानात काकांनी ती पलंगाच्या लांबीशी ताडून बघितली.

"बसतो. वर नखभर उरतो."

घेतला.


ठक्

मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळीच दोन माणसं पलंग घेऊन आली, जोडून दिला, पाणी प्यायली, गेली.

"मी ओढणार, मी ओढणार!" ढब्बूने पट्टी धरली. खण सुरसुरत निघाला, निम्मा बाहेर आला, आणि पायथ्याचा कोपरा टेबलाच्या पेटीवर आपटला.

ठक्.

काकांनी खण आत ढकलून पुन्हा ओढला. ठक्. जरा तिरका करून ओढला. ठक्. मग त्यांनी कामाच्या पिशवीतला आपला पोलादी टेप काढला. काका नळकाम करायचे. त्यांनी जागा मोजली, मान वाकडी करून पुन्हा मोजली.

"किती सांगितलं होतंस तू?"

मावशीने आकडा सांगितला.

"चार बोटं कमी भरतंय."

"असं कसं?"

"तेच तर मी तुला विचारतोय."

मावशीने गळ्यातला टेप हातात घेतला. भिंतीपाशी वाकली, टोक धरलं, दुसऱ्या हाताने ताणलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि तोंडाने भलताच आकडा बोलली. मग स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिली.

"मी दोन बोटं जास्त धरते."

"कशाला?"

"गिऱ्हाईक पोट आत ओढतं. टेप कमरेला लागला की प्रत्येक जण श्वास रोखून उभा राहतो, बारीक दिसायला. कपडा बेतला की मग बटण लागत नाही, आणि बोलणी मला. म्हणून मी आकडा वाचतानाच दोन बोटं वाढवून बोलते. आता ते आपोआप होतं, कळतसुद्धा नाही."

"दोन तुकड्यांत मोजलंस."

"हो. दोन आणि दोन."

"अगं बाई, भिंत कशाला पोट आत ओढेल?"

ते हसले. तिलाही हसू फुटणार होतं. पण तेवढ्यात दोघांचं ताईकडे लक्ष गेलं. अर्धवट उघडलेल्या खणाच्या टोकाशी ती ताठ उभी होती.

"म्हणजे ढब्बू जाणार?"


"दुकानात फोन कर," काका म्हणाले.

"केला. जोडलेला परत घेत नाहीत."

"टेबल थोडं दाराकडे."

"दार."

"पलंग खिडकीखाली आडवा टाकू."

"आणि मशीन डोक्यावर घेऊ?"

"मॅडमना म्हणू, उद्या या."

"म्हणू. आणि आत्या म्हणेल, आजच या, बघा यांचं कसं चाललंय."

"तसं नाही करणार ती."

"तू ओळखतोस तिला?"

"मग निम्माच उघडा ठेवू. वर चादर टाकू. कळणार नाही."

"कळेल. त्या स्वतः ओढून बघतील. काप."

"काय?"

"टेबल. या टोकाने चार बोटांएवढं काप."

"अगं, पडद्यांचं कापड कुठे पसरशील मग? एवढ्या लांब टेबलासाठी सुताराच्या मागे किती लागली होतीस!"

"जमिनीवर पसरीन."

"गुडघे?"

"माझे आहेत ना? काप."


करवत

घरातली करवत नळ कापायची. लाकडात ती दोनदा पुढेमागे झाली आणि रुतून बसली. काकांनी तिला शिव्या घातल्या, ढब्बूने त्या पाठ केल्या. काका खालच्या मजल्यावरून लाकडाची करवत मागून आणायला धावले. मावशीने टेबलावरचे शाळेच्या गणवेशांचे बेतलेले भाग उचलले आणि मशीनवर रचले, मशीनवर मावेनात तेव्हा स्वतःच्या खांद्यावर टाकले. ताईने पेटीतले गठ्ठे काढले. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

आधी वरची फळी. मग पेटीच्या बाजू. काका कापत होते, फळी चिरू नये म्हणून मावशी टोक धरून बसली होती. भुसा तिच्या केसांत, भुवयांवर. काकांनी थांबून घाम पुसला तर ती म्हणायची, "दमलास का? दे इकडे." मग ती कापायची आणि ते धरायचे. कापलेलं टोक खाली पडलं तेव्हा पेटीला एका बाजूने भगदाड पडलं होतं. निघालेली बाजूची फळी काका पुन्हा ठोकू लागले.

चौथा खिळा अर्धा आत गेला होता आणि दाराची घंटा वाजली.

"खण ओढ," मावशी म्हणाली.

ढब्बूने ओढला. सुर्रकन आला, टेबलाच्या कापलेल्या टोकाच्या अगदी जवळून जाऊन भिंतीला टेकला. टेबल आणि खण यांच्यामध्ये नखभर जागा उरली.


मॅडम

आत्या आणि मॅडम बरोबरच आत आल्या, जिन्यात भेटल्या होत्या. आत्याने भुसा बघितला, टेबल बघितलं, मावशीच्या भुवया बघितल्या आणि तोंड मिटून घेतलं.

मॅडमनी दार उघडलं, पूर्ण मागे नेलं, लावलं. खण आत ढकलला, बाहेर ओढला. दोन्ही गाद्या तळव्याने दाबल्या. त्यांच्या बुटांना भुसा चिकटला होता.

"हे आत्ताच कापलंत?"

"आत्ताच. माप चुकलं होतं माझं," मावशी म्हणाली.

मॅडमनी मान डोलवली. "छान आहे. दोन पलंग, दार मोकळं."

काकांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. मावशीने खांद्यावरचे गणवेश आता कुठे खाली ठेवले.

"मॅडम, मी बोलू का?" आत्या म्हणाली.

"बोला ना."

"पलंगाचं झालं. आता जरा पोरीच्या डोळ्यांखाली बघा."

सगळ्यांनी बघितलं. ताईने मान खाली घातली, पण तोवर दिसायचं ते दिसलं होतं.

"ही झोपत नाही. दुकानात माझ्यासमोर म्हणाली, भावाचा श्वास ऐकायचा असतो तिला. आठ वर्षांची पोर रात्रभर पहारा करते, मॅडम. आणि यांनी पलंग निवडला तोही कसा, तर तिला नीट ऐकू यावं म्हणून! खोटं असेल तर सांग गं."

मावशीने तोंड उघडलं. खोटं नव्हतं. त्याच एका कारणासाठी तिने हा पलंग घेतला होता, त्यासाठीच टेबल कापलं होतं, आणि आता तेच कारण आत्याच्या हातात होतं.

"मला दोघं झेपायची नाहीत," आत्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "उगाच मोठेपणा कशाला करू? पण ढब्बूला मी नीट सांभाळीन. तो समोर नसला तर ही पोर झोपेल तरी. वाईट बोलतेय का मी?"

मॅडमनी पेन खिशाला लावलं आणि त्या खालच्या गादीच्या कडेवर बसल्या, ताईचा चेहरा दिसेल इतक्या खाली.

"ताई, तू रात्री झोपतेस का?"

हो म्हण, मावशीच्या मनात आलं. हो म्हण गं, एकदाच.

ताईने तिच्याकडे बघितलं. "नाही."

"अजिबात नाही?"

"थोडी. मग उठते."

"कशाला?"

"बघायला."

"काय होईल असं वाटतं तुला, झोपलीस तर?"

ताईने फ्रॉकला चिकटलेला भुसा एकेक कण करून काढला. सगळा काढून झाला. मग तिला बोलावंच लागलं.

"आईच्या वेळी मला झोप लागली होती."

काकांच्या हातात अजून हातोडी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, अगदी हळू, तरी आवाज झालाच. मावशीला हे माहीत नव्हतं. इतके दिवस एका ताटलीतून भरवलं, वेण्या घातल्या, केसांतला गुंता सोडवला, आणि हे माहीत नव्हतं.

मॅडम गादीवर थोड्या पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "आणि ढब्बू आत्याकडे राहिला तर? मग येईल झोप?"

ताईने खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून, गणित विचारल्यासारखा.

"तिकडचं इथे कसं ऐकू येणार?" ती म्हणाली. "मग तर मुळीच नाही."

आत्या मशीनच्या स्टुलावर बसली.

ढब्बू इतका वेळ कापलेल्या टोकावर घोडा घोडा खेळत होता. तो उठून आला. "मग आत्ता झोप ना. आत्ता मी जागा आहे. मी ऐकतो तुझं."

"तुला येत नाही."

"येतं! नाकापाशी कान धरायचा."

"आणि?"

"आणि आला तर गप्प बसायचं. नाही आला तर ओरडायचं, मावशीऽऽऽ!"

नमुना म्हणून तो असा किंचाळला की मॅडम दचकून उठल्या आणि काकांनी हातोडीच उचलली. ताईच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"झोप," ढब्बू म्हणाला. "वर. मी खाली."

ती वर आडवी झाली, बहुधा त्याला खरंच येतं का हे तपासायला. तो गुडघ्यांवर उभा राहून तिच्या तोंडाशी कान घेऊन गेला. तिने डोळे मिटले. उघडले.

"ऐकतोयस?"

"हो. बोलू नको, ऐकू येत नाही."

तिने मिटले. पुन्हा उघडले. तो तिथेच होता, तोंड उघडं टाकून, सगळं लक्ष कानात. तिसऱ्यांदा डोळे उघडायला तिने फार उशीर लावला, आणि मग ते उघडलेच नाहीत.

खोलीत चार मोठी माणसं होती आणि कोणाला पाय हलवायचीही सोय नव्हती. भुशावर पाऊल पडलं तरी करकर वाजत होतं. मॅडम टाचा उचलून मावशीपाशी आल्या.

"दोघं इथेच राहतील," त्या कुजबुजल्या. "तसं मी कळवते. पण नुसत्या पलंगाने हिचं भागणार नाही. मुलांशी बोलणाऱ्या एक बाई आहेत आमच्याकडे. दर आठवड्याला आणायचं हिला. चुकवायचं नाही."

"नाही चुकवणार," मावशी म्हणाली. तिने मान हलवली, पुन्हा हलवली.

मॅडम बूट हातात घेऊन बाहेर गेल्या. काका त्यांना सोडायला जिन्यापर्यंत.

आत्या स्टुलावरून उठली. पलंगापाशी आली, एक हात वरच्या कडेवर टेकवला, आणि दुखऱ्या गुडघ्यांना न जुमानता, "आई गं" तोंडातल्या तोंडात गिळत, खालच्या गादीवर बसली.

"जा, खेळ तू," ती ढब्बूला म्हणाली. "मी ऐकते."

ढब्बूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला येतं?"

"शिकव."

त्याने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि जागेवर नेलं. "इथे. हलायचं नाही. मध्येच चहा प्यायला उठायचं नाही."

"नाही उठत."

"आणि तू झोपायचं नाही."

"नाही रे बाबा."

"बोलू पण नको."

आत्या गप्प झाली. तिचा कान ताईच्या नाकाशी होता आणि डोळे समोरच्या कापलेल्या टेबलाकडे.

ढब्बू खेळायला गेला नाही. ती नीट ऐकतेय की नाही ते बघत तो तिच्याशेजारी बसून राहिला.